थंड इंजिनाची साक्ष

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील होंडाच्या मोटारसायकल विक्रेत्यांपुढे दर हिवाळ्यात एकच अडचण उभी राहत असे. थंडी पडू लागली की मोटारसायकलींची मागणी ओसरे आणि बर्फ वितळेपर्यंत दुकानात गिऱ्हाईक फिरकत नसे. या मोसमात विकता येईल असे काहीतरी हवे, या मागणीतून कंपनीचे अभियंते ओसामू ताकेउची यांनी जे वाहन घडवले, ते १९७० साली ‘यूएस ९०’ या नावाने बाजारात आले. त्याला तीन चाके होती, अतिशय कमी दाबाची हवा भरलेले फुगीर टायर होते आणि ८९ सीसीचे, ७ अश्वशक्तीचे, चार स्ट्रोकचे इंजिन होते. पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी सुझुकीने चारचाकी रूप आणले, आणि तीनचाकी वाहने उलटून होणाऱ्या अपघातांमुळे १९८८ साली अमेरिकी सरकार व उत्पादक यांच्यात झालेल्या करारानंतर नव्या तीनचाकींची विक्री तेथे थांबली. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे, हँडलने वळवायचे आणि रस्ता सोडून चिखल, वाळू, बर्फ अशा कोणत्याही जमिनीवर न्यायचे हे वाहन आज एटीव्ही, म्हणजे ऑल टेरेन व्हेइकल, या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्रातील वाचकाला ते लोणावळ्याच्या किंवा पाचगणीच्या सहलीत, पैसे मोजून चार फेऱ्या मारण्याचे साधन म्हणून परिचित असते. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, अलास्का किंवा कॅनडाच्या गवताळ प्रांतांत मात्र ते घरच्या अवजारांपैकी एक असते. दारापुढचा बर्फ ढकलणे, गुरांपर्यंत गवताचे भारे पोहोचवणे, गोठलेल्या तळ्यावर मासेमारीसाठी जाणे ही कामे त्यावर अवलंबून असतात, आणि यांतील बहुतेक कामे ज्या सकाळी सर्वाधिक निकडीची असतात, त्याच सकाळी इंजिन सुरू होण्यास नकार देते.

या नकाराबरोबर आणखी एक तक्रार बहुधा जोडीने येते. कसेबसे सुरू झालेले इंजिन कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज करते, किंवा वेग कमी करताना सायलेन्सरमधून फटाके फुटू लागतात. वाहनाच्या मालकाला हे दोन वेगळे आजार वाटतात, म्हणून एकासाठी तो बॅटरी बदलतो आणि दुसऱ्यासाठी सायलेन्सर उघडतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोन्हींच्या मुळाशी एकच उणीव असते, ती म्हणजे सिलिंडरमध्ये शिरलेले मिश्रण तेथे, ठरलेल्या क्षणी, पूर्णपणे जळत नाही. गरम झालेले इंजिन या उणिवेवर पांघरूण घालते, कारण उष्णता पेट्रोलची वाफ करते, तेल पातळ करते आणि गतीमुळे बारीकसारीक गळती निभावून जाते. थंड इंजिनाजवळ यांपैकी कोणतीही सवलत नसते. त्यामुळे थंडीने इंजिन बिघडवले असे म्हणण्यापेक्षा, महिनोन्‌महिने साचत आलेला बिघाड थंडीने उघड केला असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून आहे, आणि दुरुस्तीची सारी दिशा या एका समजुतीवर अवलंबून राहते.

ही समजूत पक्की होण्यासाठी आधी इंधनाचा स्वभाव पाहावा लागतो. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेशी योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तरच. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण विरळ, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत लीन, आणि पेट्रोल जास्त झाले तर गाढे, म्हणजे रिच, समजले जाते. परंतु पेट्रोल हा एकाच संयुगाचा द्रव नाही. त्यात शेकडो हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे, एकत्र नांदतात; त्यांतील हलकी संयुगे साध्या हवामानातही उडू पाहतात, तर जड संयुगांना उकळण्यासाठी २०० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान लागते. उणे २० अंशांच्या सकाळी यांपैकी फक्त सर्वांत हलका अंशच वाफ होण्यास तयार असतो. उरलेले पेट्रोल इनटेकच्या थंड नळीला आणि सिलिंडरच्या भिंतीला ओलसर थर होऊन चिकटते. कार्बोरेटरने मोजून दिलेले प्रमाण बरोबर असूनही ठिणगीपर्यंत पोहोचणारे मिश्रण विरळच राहते. थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल द्यावे लागते ते एवढ्यासाठी, की त्यातील थोड्या भागाचीच वाफ होणार असल्यामुळे एकूण पुरवठा वाढवल्यावाचून वाफेचे प्रमाण गाठता येत नाही.

तेलशुद्धीकरण कारखाने ही अडचण जाणून असतात. अमेरिकेत उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलचा बाष्पदाब, म्हणजे त्याची उडून जाण्याची प्रवृत्ती, प्रदूषण रोखण्यासाठी साधारणपणे ९ पीएसआयच्या आसपास मर्यादित ठेवला जातो; कडाक्याच्या हिवाळ्यात थंड प्रदेशांत तो १५ पीएसआयपर्यंत जाऊ दिला जातो, आणि त्यासाठी शून्य अंशाच्या किंचित खालीच उकळणारा ब्युटेन अधिक प्रमाणात मिसळला जातो. मोटारीच्या टाकीतील पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपत असल्याने मोटारवाल्याला हा बदल कळतही नाही. एटीव्हीचे तसे नाही. ऑगस्टमध्ये भरलेली टाकी जानेवारीपर्यंत तशीच असू शकते, आणि तेव्हा त्या टाकीत उन्हाळ्याचे पेट्रोल असते. शिवाय मधल्या महिन्यांत त्यातील जो हलका अंश थंडीत उपयोगी पडला असता, तोच आधी उडून गेलेला असतो. यंत्रात काडीचाही दोष नसताना इंजिन सुरू न होण्याचे हे एक सरळ कारण आहे, आणि ताजे पेट्रोल भरून पाहण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. तरीही अनेक दुरुस्त्यांमध्ये तो सर्वांत शेवटी आठवतो, याचे कारण एवढेच की टाकीत पेट्रोल दिसते आणि दिसणाऱ्या वस्तूवर सहसा कोणी शंका घेत नाही.

थंड इंजिनाला जास्तीचे पेट्रोल देणारी योजना म्हणजे चोक. चेतकसारख्या स्कूटर आणि जुन्या मोटारसायकली चालवलेल्या मराठी घरांतील दोन पिढ्यांना चोक ओढून किक मारण्याची सवय होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे उत्सर्जनाचे नियम लागू झाले, दुचाकींमध्ये इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली आणि त्या सवयीबरोबर तिच्यामागचे ज्ञानही मागे पडत चालले आहे. या चोकचे दोन प्रकार असतात आणि त्यांतील भेद समजणे अगत्याचे आहे. पहिल्या प्रकारात कार्बोरेटरच्या तोंडाशी एक चकती असते. ती आडवी झाली की हवेची वाट अडते, आतील दाब कमी होतो आणि जेट नावाच्या बारीक तोंडातून पेट्रोल अधिक ओढले जाते. दुसऱ्या प्रकारात अशी चकतीच नसते. त्याऐवजी एक लहान दट्ट्या उचलला जातो आणि पेट्रोलची एक वेगळी, एरवी बंद असलेली वाट उघडते. अनेक एटीव्हींच्या कार्बोरेटरमध्ये हा दुसरा प्रकार आढळतो. ही वाट थ्रॉटल, म्हणजे रेसचे नियंत्रण, बंद असताना इनटेकमध्ये जी ओढ निर्माण होते, तिच्यावर चालते. अंगठ्याने रेस दाबली की ती ओढ ढिली पडते आणि जास्तीचे पेट्रोल येणे थांबते. म्हणजे इंजिन सुरू होत नाही म्हणून घाईने रेस देत राहणारा माणूस, त्याच्या नकळत, त्या इंजिनाला मिळणारी एकमेव मदत बंद करीत असतो. पाय, हात किंवा स्टार्टर काहीही वापरले तरी अशा यंत्राला थ्रॉटलला हात न लावता सुरू करणे हीच योग्य रीत आहे, आणि ती वाहनाबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत बहुतेक वेळा लिहिलेलीही असते.

कार्बोरेटरचे मूळ तत्त्व जुने आहे. वाट अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे डॅनिएल बर्नुली यांच्या १७३८च्या आणि जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंटुरी यांच्या १७९७च्या ग्रंथांतून विज्ञानाला परिचित झाले होते. त्यावर बेतलेले फवाऱ्याचे कार्बोरेटर १८९३ साली व्हिल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत आणि दोनात बांकी व यानोश चोंका यांनी हंगेरीत घडवले. पुढे या उपकरणात कितीही बारकावे आले, तरी ते हवेचे वजन करू शकत नाही, तिच्या प्रवाहाने निर्माण होणाऱ्या ओढीलाच प्रतिसाद देते. उणे २० अंशांची हवा अधिक २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के घन असते, आणि व्हेंटुरीच्या गणितानुसार त्यामुळे मिश्रण ७ ते ८ टक्क्यांनी विरळ होते. निरोगी कार्बोरेटर एवढा फरक सहन करतो. ज्याचा पायलट जेट आधीच अर्धवट बुजलेला आहे, त्याला मात्र तो सहन होत नाही.

पायलट जेट म्हणजे थ्रॉटल बंद किंवा जेमतेम उघडा असताना पेट्रोल पुरवणारे पितळी तोंड. त्याचे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या वाहनाच्या फ्लोट चेंबरमधील, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी असलेल्या पेट्रोलच्या लहानशा साठ्यातील, हलका अंश उडून गेला की मागे चिकट पिवळसर राळ उरते आणि तिचा पातळसा थरदेखील हे छिद्र निम्मे करण्यास पुरेसा होतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतील ओलावाही शोषते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा एकत्र थर वेगळा होऊन तळाशी बसतो. तळाशी म्हणजे नेमका जेटच्या तोंडाशी. अमेरिकेतील पेट्रोलमध्ये सर्रास १० टक्के इथेनॉल असते आणि भारतातही आता २० टक्क्यांचे मिश्रण विकले जाते, त्यामुळे क्वचित वापरल्या जाणाऱ्या इंजिनांबाबतची ही दक्षता येथील वाचकालाही परकी वाटण्याचे कारण नाही. वाहन दीर्घकाळ उभे करायचे असेल तर फ्लोट चेंबरखालचा स्क्रू सैल करून त्यातील पेट्रोल काढून टाकणे हे काही मिनिटांचे काम पुढची सगळी उस्तवार वाचवते. जेट साफ करताना तार घालून छिद्र मोठे करण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे, कारण कचरा निघाला तरी मापही बदलते, आणि मग हिवाळ्यात सुरू होणारे इंजिन उन्हाळ्यात काळा धूर ओकू लागते.

आता फटाक्यांकडे वळता येईल. येथे आवाज कुठून आला हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. कार्बोरेटरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वास घेण्याच्या बाजूने, येणारा स्फोट हा खरा बॅकफायर. विरळ मिश्रण मंदगतीने जळते. इतके मंद की एक्झॉस्टचा स्ट्रोक संपून इनटेक झडप उघडू लागली तरी सिलिंडरमध्ये ज्योत शिल्लक असू शकते, आणि ती ज्योत उघड्या झडपेतून उलटी धावून कार्बोरेटरमधील ताज्या मिश्रणाला पेटवते. चोक लवकर बंद केल्यावर थंड इंजिन जे शिंकते, त्याचे स्पष्टीकरण हेच आहे. इनटेक झडप नीट बसत नसेल, किंवा ठिणगी पडण्याची वेळ चुकत असेल, तरीही असेच घडते. फ्लायव्हीलला क्रँकशाफ्टवर नेमक्या जागी धरून ठेवणारी लहानशी लोखंडी चावी अर्धवट कापली गेली, की फ्लायव्हील किंचित सरकते आणि ठिणगीचा क्षण त्याबरोबर सरकतो.

दुसरा आवाज सायलेन्सरमधून येतो आणि त्याला आफ्टरफायर म्हणतात. उतारावर किंवा वेग कमी करताना थ्रॉटल बंद होतो, सिलिंडरमध्ये अगदी थोडे आणि विरळ मिश्रण शिरते, ते पेटत नाही, तसेच पुढे ढकलले जाते आणि तापलेल्या नळीत ताज्या हवेशी गाठ पडताच तेथे फुटते. ही ताजी हवा बहुधा सिलिंडर आणि एक्झॉस्टची नळी यांच्या जोडातील जळालेल्या गॅस्केटमधून येते. कार्बोरेटरच्या रचनाकारांनी या प्रसंगाची तजवीज आधीच केलेली असते : अनेक कार्बोरेटरमध्ये रबरी पडद्याची एक लहान झडप असते, जी वेग कमी होताना पायलट जेटची हवा तोडून मिश्रण गाढे करते. तो पडदा फाटला की फटाके सुरू होतात, आणि बाकी सगळे तपासून थकलेल्या माणसाच्या हाती तो सर्वांत शेवटी लागतो. मोकळा आवाज करणारा सायलेन्सर आणि मोठा एअर फिल्टर लावून जेट मात्र मूळचेच ठेवले, तरीही परिणाम तोच होतो, कारण हवा वाढली आणि पेट्रोल वाढले नाही. महाराष्ट्रातील काही शहरांत बुलेटचे सायलेन्सर बदलून मुद्दाम फटाके वाजवले जातात, आणि पोलिसांना असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडावे लागतात. जो आवाज अपूर्ण ज्वलनाची तक्रार आहे, त्याला ताकदीची खूण समजणे हा यंत्राविषयीच्या अज्ञानाचा प्रकार आहे, आणि त्याची किंमत एक्झॉस्ट झडपेला व शेजाऱ्यांच्या झोपेला मोजावी लागते.

या दोन्ही आवाजांमागे हवेची चोरवाटही असू शकते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणारी रबरी नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, तिला बारीक चिरा पडतात, आणि थंडीत आक्रसलेल्या रबरातून या चिरा उघडतात. इंजिन तापले की रबर सैलावते व चिरा मिटतात. अशा इंजिनाची तक्रार फक्त पहिल्या पाच-दहा मिनिटांपुरतीच असते, आणि दुपारी गॅरेजमध्ये नेल्यावर त्यात काहीच सापडत नाही. थंड स्थितीत इंजिन मंद गतीवर चालू ठेवून नळीभोवती कार्बोरेटर क्लीनरचा अगदी हलका फवारा, तापलेल्या सायलेन्सरपासून दूर राहून, मारला असता गती बदलली, तर चोरवाट तेथेच आहे असे समजावे.

मिश्रण आणि ठिणगी यांच्याविषयी मालक व मेकॅनिक दोघेही विचार करतात. तिसऱ्या अंगाकडे, म्हणजे कॉम्प्रेशनकडे, क्वचितच लक्ष जाते, आणि या लेखातील सर्वांत आग्रहाचे प्रतिपादन त्याविषयीच आहे. पिस्टन वर येताना मिश्रण दाबले जाते तेव्हा ते तापते, आणि थंड इंजिनात पेट्रोलची वाफ करणारी उष्णता प्रामुख्याने हीच असते. झडप आणि तिला ढकलणारा रॉकर यांच्यामध्ये थोडी फट ठेवलेली असते. हिलाच गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंग म्हणतात. ती बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांच्या संचाने, म्हणजे फीलर गेजने, इंजिन पूर्ण थंड असताना मोजली जाते. फट वाढली तर टकटक आवाज होतो आणि मालक धावत गॅरेज गाठतो. परंतु अनेक इंजिनांत फट काळानुसार वाढण्याऐवजी कमी होते, कारण झडपेची बैठक झिजत जाते आणि झडप अधिकाधिक आत बसू लागते. फट कमी झालेले इंजिन आवाज करीत नाही. उलट ते नेहमीपेक्षा शांत चालते, आणि या शांततेलाच मालक प्रकृतीचे लक्षण मानतो.

फट शून्यावर आली की झडप पूर्णपणे मिटेनाशी होते. स्टार्टरने इंजिन फिरवताना गती मंद असते, त्यामुळे दाबलेल्या मिश्रणाला त्या केसाएवढ्या वाटेने निसटण्यास भरपूर अवधी मिळतो. दाब घटतो, दाबाबरोबर उष्णता घटते, उष्णतेबरोबर वाफ घटते. इंजिन एकदा वेगाने फिरू लागले की निसटण्यास अवधीच उरत नाही आणि ते निर्दोष असल्यासारखे चालते. ‘सकाळी त्रास देते, पण एकदा चालू झाले की दिवसभर मस्त चालते’ हे वाक्य म्हणूनच दिलाशाचे न मानता पुराव्याचे मानले पाहिजे. ते ऐकताच कार्बोरेटर खोलण्यापूर्वी फीलर गेज हाती घ्यावे. झडपा झाकणारे कव्हर काढणे, फ्लायव्हीलवरील खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या माथ्यावर आणणे आणि पाते सरकते की नाही हे पाहणे, यासाठी एका नव्या कार्बोरेटरच्या किमतीच्या तुलनेत नगण्य खर्च येतो. कॉम्प्रेशन मोजण्याचे दाबमापकही उपयुक्त असते. मात्र सोप्या सुरुवातीसाठी काही इंजिनांच्या कॅमवर थोडा दाब आपोआप सोडणारी योजना असते, आणि तिचा विचार न करता मापकावरील आकडा वाचला तर चांगले इंजिनही रोगी ठरते.

विजेच्या बाजूचे विवेचन त्या मानाने थोडक्यात आटोपता येते. उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्लाच्या बॅटरीची उपयुक्त क्षमता साधारण निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी इंजिनातील तेल हिवाळ्यात बाटलीत थिजू लागलेल्या खोबरेल तेलासारखे हट्टी झालेले असल्याने बॅटरीकडून मागणी मात्र वाढलेली असते. तेलाच्या डब्यावरील १०डब्ल्यू, ५डब्ल्यू, ०डब्ल्यू या अंकांचा संबंध याच्याशीच आहे : त्यांची थंड स्थितीतील चाचणी अनुक्रमे उणे २५, उणे ३० आणि उणे ३५ अंशांवर होते, म्हणून अतिथंड प्रदेशात पहिला अंक लहान असलेले तेल निवडणे श्रेयस्कर. ज्या वाहनांत ठिणगी निर्माण करणारे सीडीआय हे उपकरण बॅटरीवर चालते, त्यांत स्टार्टरने सगळी वीज खाल्ली की ठिणगीसाठी काही उरत नाही. स्टार्टरचे बटण सोडताक्षणी इंजिन एकदाच पकडू पाहते, ही त्याची ओळख. प्लग बाहेर काढून सिलिंडरला टेकवून ठिणगी पाहण्याची रीत सर्वत्र रूढ आहे, आणि तिच्यातही फसगत आहे, कारण उघड्या हवेत पडणारी ठिणगी दाबाखाली पडेलच असे नाही. निळी, कडक आवाजाची ठिणगी दिसली तरी साक्ष अर्धीच मिळालेली असते. नवा प्लग बसवून पाहणे हा त्यावरील साधा उतारा आहे.

आणि काही कारणे अशी असतात की त्यांना यंत्रशास्त्रात जागाच नाही. उत्तर अमेरिकेतील शेतघरांच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या एटीव्हीच्या एअर फिल्टरच्या पेटीत उंदीर हिवाळ्यासाठी घर करतात. गवत, कापूस, फाटक्या सीटचा फोम यांनी पेटी भरून जाते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. तो कोंडला की मिश्रण गाढे होते, प्लग काजळतो, आणि कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून काहीही साधत नाही.

इतकी कारणे एकाच लक्षणापाशी येऊन मिळत असतील, तर तपासाचा क्रम हाच खरा कौशल्याचा विषय ठरतो. दुर्दैवाने आजचा प्रघात सुटे भाग बदलून पाहण्याचा आहे. कार्बोरेटर स्वस्तात मिळतो, सीडीआय घरपोच येते, आणि प्रत्येक नव्या भागाबरोबर मूळ प्रश्नावर एक नवी अनिश्चितता चढते, कारण स्वस्त कार्बोरेटरचे जेट त्या इंजिनाच्या मापाचे असतीलच याची शाश्वती नसते. अनेक बदल एकाच दिवशी केले आणि इंजिन सुरू झाले, तर त्यांपैकी कोणत्या बदलाने ते झाले हे कायमचे अज्ञात राहते, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच खर्च पुन्हा पदरी पडतो. एका वेळी एकच बदल करणे, तो लिहून ठेवणे आणि मगच पुढे जाणे ही शिस्त प्रयोगशाळेत जितकी अपरिहार्य आहे, तितकीच शेडमधील गारठलेल्या बोटांनाही आहे. बदलापूर्वी विचारायचे प्रश्नही साधे आहेत. तक्रार किती थंडीत होते? चोक ओढल्यावर बरे वाटते की बिघडते? आवाज पुढून येतो की मागून, रेस देताना की सोडताना? मागचे पेट्रोल कधी भरले? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली तर निम्मी हत्यारे पेटीतच राहतात. चोक ओढल्यावर गरम इंजिनही सुधारत असेल तर मिश्रण विरळ आहे, हे एका उत्तराने निश्चित होते. चोकचा काहीच फरक पडत नसेल तर नजर ठिणगीकडे आणि झडपांकडे वळवता येते.

अधीरतेचे दोन परिणाम विशेष गांभीर्याने सांगितले पाहिजेत. इंजिन सुरू होत नाही म्हणून ईथरचा फवारा एअर फिल्टरमध्ये मारण्याची सवय अनेकांना असते. ईथर फार सहज पेटते, पिस्टन वर येण्यापूर्वीच स्फोट घडवू शकते, आणि मग किक किंवा दोरी उलटी झटका देऊन मनगट मोडू शकते. एरवी जो बॅकफायर केवळ दचकवतो, तो अशा वेळी फिल्टरला आग लावू शकतो. दुसरा धोका याहून मूक आहे. बाहेर हाडे गोठवणारी थंडी असल्याने शेडचे दार लावून आत इंजिन गरम करीत ठेवले, तर चोकवर चालणारे गाढे मिश्रण भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडते, आणि या वायूला रंग नाही, वास नाही. दार उघडे ठेवण्याने येणारा गारठा सोसलाच पाहिजे. याखेरीज कोरड्या ऋतूत जंगलात जाणाऱ्यांनी सायलेन्सरच्या टोकाशी असलेल्या ठिणगी-रोधक जाळीची काळजी घ्यावी. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांत ती आवश्यक मानली जाते, तिच्यात काजळी साठली की इंजिनाचा उच्छ्वास अडतो, आणि ती काढून टाकली तर प्रत्येक फटाका वाळलेल्या गवतात ठिणगी टाकू शकतो.

नव्या एटीव्हींमध्ये कार्बोरेटरची जागा इंधन-फवारणीने घेतली आहे आणि चोकची दांडी नाहीशी झाली आहे. तेथे तापमान मोजणारा सेन्सर संगणकाला इंजिन किती थंड आहे ते सांगतो आणि त्यानुसार पेट्रोल वाढवले जाते. या सोयीने पुष्कळ त्रास संपला हे मान्यच केले पाहिजे. परंतु तो सेन्सर चुकीचे सांगू लागला की संगणक बर्फात उभ्या इंजिनाला तापलेले समजतो, आणि जुन्या काळी चोक ओढायला विसरलेल्या माणसाच्या हातून जे घडे, तेच पुन्हा घडते. झडपेची बैठक तर फवारणीच्या इंजिनातही झिजते. म्हणूनच पुण्यासारख्या शहरांतील अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः एटीव्ही बांधतात आणि पिथमपूरच्या चाचणी-मैदानावर नेतात, तेव्हा साध्या एकसिलिंडर इंजिनाशी त्यांची होणारी झटापट ही शिक्षणातील अत्यंत मोलाची गोष्ट मानली पाहिजे. पडद्यावर उमटणारा दोषाचा क्रमांक वाचण्यापेक्षा आवाजाची दिशा आणि प्लगचा रंग वाचण्यास जो शिकतो, त्याला पुढे तो क्रमांकही अधिक नीट वाचता येतो.

या दुरुस्तीची एक अट मात्र कोणत्याही तंत्राने टळत नाही. खोलून जुळवलेले इंजिन त्या संध्याकाळी सुरू झाले, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण तपासाच्या झटापटीत ते केव्हाच कोमट झालेले असते आणि कोमट इंजिन पुन्हा आपल्या उणिवा झाकू लागलेले असते. वाहन रात्रभर बाहेर उभे करावे लागते. सकाळी तापमान, चोकची स्थिती आणि इंजिन पकडेपर्यंत स्टार्टर किती सेकंद फिरवावा लागला, या तीन गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात, आणि लागोपाठ काही सकाळी त्या नोंदी जुळल्या तरच झडपांची फट किंवा जेटची सफाई हेच कारण होते असे मानता येते. सुरुवात सुधारली पण उतारावरचे फटाके तसेच राहिले, तर वहीत त्याची वेगळी नोंद करून एक्झॉस्टच्या जोडातील गॅस्केटपासून तपास पुढे चालवायचा असतो.